नानांसारखं बसायचं

नानांना चहा करता येत नसे, आणि तेवढ्या एका गुणावर त्यांचं म्हातारपण सुखात गेलं.

तसे नाना शेवटपर्यंत काटक. सकाळी कोपऱ्यावरच्या न्हाव्याच्या दुकानात जाऊन फुकटचं वर्तमानपत्र वाचायचं, आल्यागेल्याशी वाद घालायचा आणि चार मजले धाप न लागता चढून यायचं, हा त्यांचा नेम. म्हाताऱ्या माणसांच्या घरी मदतनीस देण्याची सरकारी योजना निघाली, तेव्हा तपासायला आलेल्या गृहस्थानं त्यांना खुर्चीत बसल्या बसल्या विचारलं होतं, "आजोबा, स्वतःचा चहा स्वतः करता येतो?"

"मी?" नाना हसले होते. "अहो, घरात दोन बायका असताना?"

"स्वयंपाक?"

"छे."

"कपडे धुणं?"

"ते आमच्याकडे आपोआप धुतले जातात."

तो गृहस्थही हसला आणि हातातल्या यंत्रावर टक टक टक बोट टेकवून निघून गेला. बायको सत्तरीपुढची, म्हणजे तिचा हिशोब नाही. मुलगी दिवसभर कामावर, तिचाही नाही. म्हातारा अगदीच असहाय, असं त्या यंत्राच्या पोटातून निघालं. मग एक मावशी यायला लागल्या. त्या नानांचे कपडे धूत, त्यांना वाढून देत, आणि नाना अंघोळीला गेले की बाहेर टॉवेल घेऊन उभ्या राहत. एवढी सगळी वर्षं ज्या बाईनं हेच सगळं केलं होतं, ती स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून मावशींना सांगायची, "त्यांना आमटी गरम लागते हं."

नाना गेले आणि मावशी दुसऱ्या दिवसापासून बंद झाल्या. त्या नानांच्या होत्या, घराच्या नव्हत्या.

हे सगळं थोरलीनं डोळ्यांनी पाहिलेलं. थोरली म्हणजे नानांची मोठी लेक, साठीला टेकलेली, बिनलग्नाची. तिच्या पाठचा धाकटा लांबच्या शहरात होता आणि इंटरनेट चांगलं असेल त्या दिवशी आईवर त्याची फार माया असे. थोरली गणवेश शिवायच्या कारखान्यात कॉलरच्या मशीनवर बसायची. कॉलर बसवणं हे वरवर सोपं दिसतं, पण गळ्याच्या गोलाईवर कापड ओढलं गेलं की जन्मभर शर्ट एका बाजूला कललेला राहतो. थोरलीच्या हातून एकही कललेला शर्ट बाहेर पडला नव्हता.

नानांच्या मागे आईच तेवढी कलली. आधी हात थरथरायला लागले. मग न्हाणीघरात पडली, खुबा दुखावला, आणि भिंत धरल्याशिवाय पाऊल टाकता येईना. मग एक दिवस पातेलं शेगडीवर ठेवून ती खिडकीत जाऊन बसली, आणि पातेलं कोळशासारखं होईपर्यंत तिला आठवलंच नाही. त्या दिवसापासून थोरली निघताना सिलिंडरची चावी बंद करी आणि दाराला बाहेरून कुलूप लावी. स्वतःच्या आईला कोंडून जाताना जिन्यावर रोज एकदा देवाचं नाव घ्यायची. समोरच्या बिऱ्हाडातली बाई एकदा म्हणाली, "तुझी आई आतून दार वाजवत होती गं. म्हणत होती, बाहेर पाहुणे आलेत, उघडा कोणीतरी."

दुपारच्या सुटीत धावत घरी यायचं, आईला भरवायचं, बसवायचं, पुसायचं, पुन्हा धावत जायचं. मशीन तेवढा वेळ रिकामं. मुकादम वाईट माणूस नव्हता, पण मुकादम होता.

"बाई," तो म्हणाला, "तुमच्यासारखी कॉलर कोणी बसवत नाही, हे मी चारचौघांत सांगतो. पण कॉलर बसवायला आधी माणूस बसायला पाहिजे ना जागेवर. महिनाअखेरपर्यंत काय ती सोय बघा. नाहीतर मी दुसरी बघतो."

पलीकडच्या काजं करायच्या मशीनवरची काजवाली दातात दोरा धरून पुटपुटली, "ह्याच्या आईला काय वारा सांभाळत असेल. घरी ह्याची बायको असणार, दुसरं काय."

थोरलीनं त्याच संध्याकाळी धाकट्याला फोन लावला. "मी इतक्या लांबून काय करणार, ताई?" तो म्हणाला. मग म्हणाला, "अर्ज भरून देतो की." आणि त्यानं खरंच भरला. आईचा फोटोही लावला, दहा वर्षांपूर्वीचा, हसतानाचा.

देव भावाचा भुकेला असं म्हणतात. योजना पुराव्याची भुकेली. तपासायला बाई येणार असा निरोप आला तेव्हा थोरलीनं आईला समोर बसवलं.

"आई, नीट ऐक. ती विचारील, हे जमतं का, ते जमतं का. तू नाही म्हणायचं."

"खोटं बोलू?"

"खोटं कुठे? तुला जमत नाहीच आहे."

आईनं जरा विचार केला. "पण असं येणाऱ्याजाणाऱ्याला कसं सांगायचं? घरची लाज आहे काही."

"नाना नाही का सांगायचे?"

"त्यांचं निराळं. त्यांना लाज नव्हती."

थोरलीला हसू आलं. "मग तू त्यांच्यासारखं बस. उठायचं नाही, काही करायचं नाही. हात मांडीवर ठेवायचे आणि छताकडे बघायचं."

"आणि त्यानं काय होईल?"

"मावशी येतील. तुझ्यासाठी."

"माझ्यासाठी?" आईला ती थट्टाच वाटली. "माझ्यासाठी कोण येतंय बाई. पुरुषमाणूस आडवं पडलं तर चार जण धावतात. बाई आडवी पडली तर तिच्या जागी घरातली दुसरी बाई उभी राहते. माझी सासू पडली तेव्हा मी राहिले. शाळेत शिकवायला लागले होते तेव्हा. मुलं मला बाई म्हणायची."

हे थोरलीनं पूर्वीही ऐकलं होतं, त्यामुळे तिनं ते ऐकलं न ऐकल्यासारखं केलं आणि उजळणी सुरू केली. ती स्वतःच तपासनीस झाली. आवाज जाड करून म्हणाली, "आजी, चहा करता येतो का?"

आईनं हात मांडीवर ठेवले, मान मागे टाकली आणि हुबेहूब नानांच्या घोगऱ्या आवाजात म्हणाली, "मी? अहो, घरात दोन बायका असताना?"

दोघी हसून हसून लोळल्या. नानांच्या माघारी त्या घरात हसण्याचा आवाज झालेला तो पहिलाच दिवस. आईला तर उचकी लागली. थोरली तिच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली, "त्यांच्यासारखं बोलू नको गं. त्यांच्यासारखं बस नुसतं."

"बसते," आई डोळे पुसत म्हणाली. "बसायला काय लागतं?"

त्या दिवशी आई पहाटेपासून जागी. ठेवणीतले कपडे काढून दे म्हणाली, केस विंचरून दे म्हणाली. थोरली आधी नको म्हणत होती. असहाय माणूस असहाय दिसलेलं बरं. पण विस्कटलेल्या डोक्यानं आईला परक्यापुढे बसवायचं म्हटल्यावर तिचाच हात पुढे झाला. मग वरण टाकलं, खोली झाडली, चादर बदलली, आणि त्या गडबडीत सिलिंडरची चावी बंद करायची राहून गेली.

दार वाजलं. आई अर्धी उठली. थोरलीनं डोळे वटारले, तशी ती पुन्हा टेकली आणि हात मांडीवर घेतले.

तपासनीस बाई तिशीची असेल. खांद्यावर जड पिशवी, टाचेला चिकटपट्टी, चार मजले चढून चेहरा लाल झालेला. खुर्चीवर बसताना तिनं बूट हळूच अर्धा काढून टाच मोकळी केली. आईची नजर तिथे गेली आणि तिथेच राहिली.

"आजी, अंघोळ कोण घालतं?"

आईनं थोरलीकडे पाहिलं. "ही घालते."

"कपडे?"

"हीच."

"आज वार कोणता?"

"पाहुण्यांचा," आई म्हणाली.

बाई हसली आणि तिनं बोट टेकवलं. थोरली भिंतीला पाठ लावून उभी होती. सगळं नीट चाललं होतं. तिच्या मनात मावशींच्या चपला दाराशी दिसायलाही लागल्या. कुलूप नाही, दुपारची धावपळ नाही. मशीनच्या पॅडलवर पाय ठेवला की मन घरी पळणार नाही.

"आजी, स्वतःचा चहा स्वतः करता येतो का?"

आईनं मान मागे टाकली. छताकडे पाहिलं. "ना..." म्हणाली, आणि तेवढ्यात त्या बाईला खोकला आला. कोरडा, लांबलेला, डोळ्यांत पाणी आणणारा.

आईची मान खाली आली. "जेवलीस का गं?"

"नाही आजी. जमलं नाही आज. तुम्ही सांगा ना, चहा..."

आई उठली.

"आई, बस," थोरली म्हणाली. "मी आणते पाणी."

"पाण्यानं काय होतंय? बस तू." आईनं भिंत धरली, मग दाराची चौकट, मग ओटा. थोरली दोन पावलं पुढे झाली, तोच मागून ती बाई म्हणाली, "करू द्या त्यांना, ताई." आवाज मऊ होता, पण तिनं यंत्र मांडीवर सरळ केलं होतं. "मला बघायचंय."

मग दोघी दारातून बघत राहिल्या.

पाठमोरी आई ओट्याशी उभी होती, आणि तिची पाठ, काय सांगावं, ताठ झाली होती. ज्या बोटांना सकाळी बटण लागत नव्हतं, त्यांनी डोळे न फिरवता साखरेचा डबा काढला. शेगडी पेटली. थोरलीला उघडी राहिलेली चावी आठवली. उकळी आली तशी आईनं आच बारीक केली, दूध घातलं, पुन्हा मोठी केली. हाताला सगळं पाठ होतं. डोक्यातून गेलेलं असलं तरी मनगटात शिल्लक होतं. मग तिनं पातेलं उचललं आणि कपात ओतलं. सावकाश, एक थेंब बाहेर न सांडता. ओतताना खांदा एकदा हलला, एवढंच. ती कप घेऊन भिंतीच्या आधारानं परत आली तेव्हा बशीतसुद्धा काही नव्हतं.

"साखर बेताचीच घातलीय," ती म्हणाली.

बाईनं तो चहा तळापर्यंत प्यायला. रिकाम्या कपाकडे ती थोडा वेळ बघत बसली. "दिवसभर घरं हिंडते, आजी. आज पहिल्यांदा कोणी चहा विचारला."

"विचारायचं काय त्यात," आई म्हणाली.

मग बाईनं यंत्रावर बोट टेकवलं. टक.

"बाई," थोरली म्हणाली, "थांबा. आज झालं हे. एरवी नाही होत. पातेलं जळलंय, दाखवू का? मी दाराला कुलूप लावून जाते."

"मी समोर बसून पाहिलं, ताई. पाहिलेलं न पाहिल्यासारखं कसं लिहू? उद्या माझ्यावर येईल."

"माझ्या वडिलांना मदतनीस होती. ते धडधाकट होते. जिने चढायचे. त्यांना काही येत नव्हतं, कारण त्यांनी जन्मात काही केलं नव्हतं. आणि हिनं जन्मभर केलं म्हणून हिला मिळायचं नाही?"

"येतं का, एवढंच विचारायचं असतं. का येत नाही, ते विचारायला जागा नाही यात." तिनं टाच पुन्हा बुटात घातली आणि तोंड कसनुसं केलं. "माझ्या सासऱ्यांना मिळालीय मदतनीस. सासूबाईंना नाही. त्याही अशाच उठल्या होत्या." एवढं बोलून ती थांबली, जणू जास्त बोलून गेली. मग सवयीनं कप उचलला, आत जाऊन मोरीत विसळून पालथा ठेवला, आणि गेली.

थोरलीनं दार लावलं. आई खुर्चीत बसली होती, दमलेली, पण तोंडावर समाधान. उजवा हात कपड्यांच्या घडीत.

"काय केलंस हे?" थोरली म्हणाली. "एवढं शिकवलं तुला. एवढंच तर करायचं होतं. बसायचं."

"तिला खोकला होता."

"माझी नोकरी होती त्यात, आई."

थोरली पातेलं उचलायला ओट्याशी गेली. सांडशी खुंटीला जशीच्या तशी लटकत होती. ओट्यावर फडकं नव्हतं, ते सकाळी तिनंच धुवायला टाकलं होतं. ती तिथेच थबकली. मग परत येऊन आईचा हात घडीतून ओढून काढला. तळवा आणि चार बोटं लालभडक, कडेला फोड धरलेले.

"लागलं नाही फार," आई म्हणाली. "पाहुणीपुढे काय ओरडायचं?"

थोरली तशीच जिन्यावरून धावली. बाई तळमजल्यावर पिशवी सावरत उभी होती. थोरलीनं धापा टाकत सांगितलं. बाईनं डोळे मिटले आणि उघडले. "आधी डॉक्टरकडे न्या त्यांना," ती म्हणाली. "पण भाजणं अपघातात धरतात, ताई. अक्षमतेत नाही. अर्ज पुन्हा करता येईल, पुढच्या वर्षी." आणि मग अगदी हळू, "वाईट वाटतं मला." ते खरं असावं. पण ते लिहायलाही त्या यंत्रात जागा नव्हती.

निकाल धाकट्याच्या फोनवर आला. त्यानं लगेच फोन केला. "अगं ताई, चांगली बातमी आहे. आई स्वयंपूर्ण आहे असं आलंय. म्हटलं नव्हतं, आपली आई खमकी आहे म्हणून?"

"हो," थोरली म्हणाली.

"तुझा आवाज का असा?"

"सुईत दोरा ओवतेय," ती म्हणाली, आणि हातात सुई नसताना फोन ठेवला.

महिनाअखेर आली. मुकादमानं थोरलीच्या मशीनवर एक नवी मुलगी आणून बसवली. थोरलीनं तिला दाखवलं, कापड ओढायचं नाही, त्याला स्वतःहून वळू द्यायचं. मुलीनं पहिली कॉलर बसवली, ती कलली. थोरलीनं ती उसवून दिली. काजवाली म्हणाली, "जा आता घरी. राणीसारखी बस."

"बसायलाच चालले," थोरली म्हणाली. तिनं स्टुलावरची स्वतःची उशी, कैची आणि डबा पिशवीत भरले. दिवस अजून बराच बाकी होता. एवढ्या उजेडी, परत यायची घाई नसताना, ती कित्येक वर्षांत त्या फाटकातून बाहेर पडली नव्हती. वाटेत मलम घेतलं, पट्टी घेतली, आणि चारही मजले न थांबता चढली. वर पोचेपर्यंत श्वास फुलला. कुलूप काढलं. दार ढकलताना खोकला आला.

आई खिडकीशी बसली होती. तिनं वळून पाहिलं. पिशवीकडे पाहिलं, मग लाल झालेल्या चेहऱ्याकडे, मग पायांकडे.

"आलीस का बाई?" ती म्हणाली. "ये, बस. आमचे जिने फार आहेत."

थोरली म्हणणार होती, आई, मी आहे. पण आईच्या डोळ्यांत ओळखीच्या जागी आदर होता, पाहुणीला दाखवतात तसला. ती समोरच्या खुर्चीवर बसली. पिशवी मांडीवर घेतली.

"बरं झालं तू पुन्हा आलीस," आई म्हणाली. पट्टी बांधलेला हात तिनं जपून डाव्या हातात धरला होता. "त्या दिवशी तुला खरं सांगितलं नाही मी. मनाला लागून राहिलंय. देव बघत असतो."

"काय खरं नाही सांगितलं, आजी?" थोरलीचा आवाज तिचा तिलाच परका वाटला.

"मला काही जमत नाही गं आता. बटण लागत नाही. रात्री ओलं होतं तर कळत नाही. पातेलं कुठे ठेवलं ते आठवत नाही. चहा त्या दिवशी देवानंच करून घेतला माझ्या हातून."

"मग तसं सांगायचं होतं."

"आणि मग?" आई जरा पुढे झुकली. "तू लिहिलं असतंस, म्हातारीला जमत नाही. मग थोरलीला घरी बसावं लागलं असतं. माझी लेक. कारखान्यात असते. ती म्हणत होती मावशी येतील म्हणून. भोळी आहे. आपल्यासाठी कोण येतं, तूच सांग. बाईच्या जागी घरची बाई." ती पुन्हा मागे टेकली. "मी सासूसाठी घरी बसले ना, तेव्हा वाटलं थोडेच दिवस. म्हणून म्हटलं, उठावं. तू बघितलंस की मी चहा करते, म्हणजे कोणी माझ्या लेकीला घरी बसवणार नाही. जमतं असंच लिहिलंस ना तू?"

थोरलीच्या पिशवीत कैचीचं टोक उशीतून वर आलं होतं. तिनं ते बोटानं आत सरकवलं.

"जमतं असंच लिहिलं, आजी."

"मग झालं." आईचा चेहरा सैल पडला. "कामावर असेल ती आत्ता. तिच्यासारखी कॉलर कोणी बसवत नाही म्हणतात. हे तिला सांगू नको हं, मला जमत नाही ते. नोकरी सोडील."

"नाही सांगत."

थोड्या वेळानं थोरलीला पुन्हा खोकला आला. तिनं तोंडावर हात दाबून धरला, पण तो काही केल्या थांबेना. पाणी प्यायला म्हणून ती उठली, तशी आईनंही पट्टीचा हात भिंतीला टेकवला आणि उठायला लागली.

"तू बस, तू बस," आई म्हणत होती. "पाहुणी तू. मी टाकते चहा."

सिलिंडरची चावी बंद होती. आई अर्धी उठून तशीच थरथरत उभी राहिली, भिंत धरून, ओट्याकडे तोंड करून. थोरली पुन्हा खाली बसली, कारण ती बसल्याशिवाय आई बसणार नव्हती. हात मांडीवर ठेवून, खोकला आवरत ती वाट बघत राहिली.